आगाता कुठून आली

लुगोज, ११ फेब्रुवारी १९९६

सिदा,

घाबरू नकोस, आई बरी आहे. पाकिटावर माझं अक्षर पाहून तुझ्या मनात पहिलं तेच आलं असणार, म्हणून आधी एवढं लिहून टाकलं. गुडघे दुखतात तिचे. चढावर दम लागला की थांबते, आणि थांबलेली कुणाला दिसू नये म्हणून वाकून बुटाची नाडी सोडते नि पुन्हा बांधते. बाकी आहे तशीच आहे.

बाबांच्या अंत्यविधीला तू आलीस आणि आईच्या घरी न उतरता हॉटेलात उतरलीस. त्यावरून जे झालं ते उकरून काढायला हे पत्र नाही. मला तुझी मदत हवी आहे, आणि तीही कामासाठी.

आमच्या थिएटरात नवं नाटक बसतंय. अरादच्या एका शाळामास्तरांनी लिहिलंय. एकच खोली, दोन दारं, चार माणसं. मला आगाताचं काम मिळालंय. आगाता म्हणजे साठीची विधवा. तिची मुलगी होणाऱ्या नवऱ्याला घेऊन घरी राहायला येते आणि आगाता त्या दोघांचा जीव नकोसा करून सोडते. आरडाओरडा नाही, शिव्याशाप नाहीत. ती फक्त दारं उघडी ठेवते. मुलगी लावते, ही उघडते. दुसऱ्या अंकाच्या शेवटी मुलगी चिडून आतून कडी घालते, आणि पुढं एवढंच लिहिलंय: आगाता दार ठोकते. आतून उत्तर नाही. ती दारापाशी खाली बसते. पडदा.

वाचताना मला कोण आठवलं ते तुला सांगायला नको. ते मास्तर आपल्याला ओळखतही नाहीत. म्हणजे अशा बायका जगात आणखीही आहेत तर.

दिग्दर्शक तिबेरिउ, बुखारेस्टहून आलेला, तिशीतला पोरगा. पहिल्याच वाचनाला त्यानं मला विचारलं, "ओतिलियाबाई, ही बाई कुठून आली?"

"स्वयंपाकघरातून. संहितेत लिहिलंय तसं."

"ते अंकात. मी आयुष्यात विचारतोय. पडदा वर जातो तेव्हा तिची साठ वर्षं जगून झालेली असतात. कुठं आहेत ती? माणूस रंगमंचावर येऊन कडक होत नाही. कडक होऊन मग येतो. ती कुठं अशी झाली ती जागा मला दाखवा."

प्रत्येकानं आपापल्या पात्राचा भूतकाळ शोधून आणायचा, असा त्याचा हुकूम आहे. जावयाचं काम करणारा दोरू चेष्टेनं म्हणाला, "माझ्या माणसाला लहानपणी कुत्रं चावलंय." सगळे हसले. तिबेरिउ हसला नाही. त्यानं विचारलं, "कुठल्या पायाला?" दोरू आपल्या दोन्ही पायांकडे बघायला लागला. मग आम्ही कुणीच हसलो नाही.

तर माझं काम असं. तू सोळा वर्षांची असताना आईनं तुझ्या खोलीचं दार बिजागऱ्यांतून काढून लाकडांच्या शेडमध्ये नेऊन टाकलं. मी तेव्हा बोतोशानीच्या थिएटरात होते, मला ते बाबांच्या पत्रातून कळलं. तू कधी बोलली नाहीस. त्या दिवशी काय झालं? ती काय म्हणाली? चेहरा कसा होता?

मला माहीत आहे, हे मागणं बरं नाही. पण तिला विचारून काही मिळायचं नाही, आणि तू तर तिथं होतीस.

हेल्मुटला नमस्कार.

ओतिलिया


लुगोज, ३ मार्च

सिदा,

तुझं कार्ड आलं. न्यूर्नबर्गच्या किल्ल्याचं चित्र, आणि मागं पाच ओळी. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. ते जर्मन झालंय, सरळ उभं.

तू लिहिलंस: "ती काहीच म्हणाली नाही. स्क्रू काढताना गुणगुणत होती. मी रडत होते, तिनं मला स्क्रू धरायला दिले. शाळेत पोरं म्हणायची, सिदाच्या घरी या, परवानगी लागत नाही. नाटकाला उपयोगी असेल तर घे."

गुणगुणत होती हे माझ्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी तालमीत मी दार उघडताना गुणगुणले. इलिंका, म्हणजे मुलीचं काम करणारी, एकदम शहारली. तालीम संपल्यावर मला म्हणाली, "ताई, ते करू नका ना. मला माझ्या सासूची आठवण येते." मला वाटलं, सापडलं.

आगाताची मी अशी गोष्ट रचली: नवरा बाहेरख्याली होता, बंद दारांआड त्याचे उद्योग चालायचे, म्हणून आता तिला बंद दार सोसत नाही. मुलीवर पाळत ठेवते ती. तुला नि मला आईबद्दल वाटत आलं तेच जवळजवळ. बाबा बाहेरख्याली नव्हते एवढाच फरक. पाळत मात्र खरी. तुझी वही वाचायची, माझी पाकिटं वाफेवर धरून उघडायची, असं आपण धरून चाललो होतो. खरं तर वही वाचताना आपण तिला कधी पाहिलं नाही. पण दार उघडायची म्हणजे त्यासाठीच, दुसरं काय असणार?

तिबेरिउनं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "हे कारण झालं. भूतकाळ नाही झाला."

"फरक काय?"

"कारण सांगता येतं. तुम्ही ते केवढं छान सांगितलंत. ज्यानं माणूस घडतो ते सहसा असं सांगता येत नाही."

मला राग आला. एकावन्न वर्षांची आहे मी. निम्मं आयुष्य या फळ्यांवर उभी राहिलेय. घरी जाऊन आईवर काढला तो राग. ती कांदा चिरत होती.

"आई, सिदाचं दार तू का काढलंस गं?"

सुरी थांबली नाही. "कुठलं दार?"

"किती दारं काढलीस तू?"

"करकरायचं ते."

"तेल घालायचं मग."

"तुला कामं नाहीत का आज? आणि हे आत्ता कशाला? तिनं लिहिलंय का काही?"

म्हटलं, कार्ड आलंय. ती हात पुसून आली, चष्मा लावून तिनं किल्ल्याचं चित्र बराच वेळ पाहिलं. मागं उलटू लागली तशी मी कार्ड काढून घेतलं. म्हटलं, माझं आहे. तिनं ते सोडलं. मग म्हणाली, "अक्षर बदललं का तिचं?"

रंगीत तालीम तेवीस तारखेला आहे. घरच्यांना बोलावतात. आई येणार म्हणते. ईस्टरआधीचे लेन्टचे उपास असताना नाटक बघणं पाप आहे असं आधी ऐकवून झालं. मग कोट ब्रशनं झाडून खुंटीला अडकवून ठेवला.

ओतिलिया


लुगोज, २४ मार्च

सिदा,

हे पत्र बसून वाच. उभ्यानं नको.

काल दुपारी रंगीत तालीम झाली. आई तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, मांडीवर पर्स. पहिला अंक ठीक गेला. दुसऱ्याच्या शेवटी इलिंकानं कडी घातली, मी दार ठोकलं. बसवलंय तसं: तीनदा, मग थांबायचं, मग एकदा. आणि मी दारापाशी बसायला वळले तर आई कडेच्या पायऱ्या चढून रंगमंचावर येत होती.

दुखऱ्या गुडघ्यांची ही बाई, तिला त्या पायऱ्या कळल्याही नाहीत. मला वाटलं माझ्याकडे येतेय, काहीतरी बिनसलंय. पण तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. पर्स खाली ठेवली, दारापुढं गुडघे टेकले आणि खालच्या फटीत बोटं घालून उकरायला लागली. आमचं दार प्लायवूडचं, खाली रंगवलेल्या फळ्या. काही नव्हतं तिथं उकरायला. ती उकरत होती आणि उकरलेलं डाव्या हातानं मागं सारत होती. घाई नाही, गडबड नाही. जसं भांडं घासावं. गुणगुणत होती.

प्रेक्षकांना वाटलं, नाटकातलंच आहे. इलिंका आतून कुजबुजली, "ताई, काय चाललंय?" मी तिबेरिउकडे पाहिलं. तो उभा राहिला होता, हात वर करून दिव्यांच्या माणसाला थांबवत होता. त्याला ते संपायला नको होतं.

मी तिच्या खांद्याला हात लावला. "आई."

तिनं वर पाहिलं, मग दिव्यांकडे, मग समोरच्या काळोखातल्या माणसांकडे. आईला शरमलेली मी कधीच पाहिली नव्हती. ती पर्स शोधू लागली. पर्स तिच्या गुडघ्याशीच होती.

तालीम तिथंच थांबली. मी मेकअपसकट तिला घेऊन बाहेर पडले. पुलाच्या अलीकडच्या बाकावर बसलो. नदीला गढूळ पाणी आलंय. बराच वेळ ती इकडचंतिकडचं बोलत राहिली, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं वगैरे. मग म्हणाली, "वादळ आलं तेव्हा तू फ्लोआरेकडे होतीस."

एवढ्यानं मला कळलं ती कुठं आहे ते. तू त्यानंतर तीन वर्षांनी जन्मलीस. बारागानच्या माळाबद्दल तुला जे माहीत आहे ते आमच्याकडून ऐकलेलं: सरहद्दीलगतच्या गावांतून सरकारनं लोकांना उचललं, गुरांच्या डब्यांतून नेऊन उघड्या माळावर सोडलं, मातीची घरं आपली आपण बांधायला लावली, आणि तिथं आपला एक भाऊ गेला. सावू. तापानं. मलाही तेवढंच माहीत होतं. चोपन्नच्या त्या मोठ्या हिमवादळात मी शेजारच्या फ्लोआरेबाईंकडे अडकून पडले होते, आणि परत आले तेव्हा सावू नव्हता.

"आपलं दार बाहेर उघडायचं," आई म्हणाली. "तुझ्या बापानं लावलेलं. आत उघडलं तर खाटेला अडतं म्हणाला. बाकी सगळ्यांची आत उघडायची."

मी सरकून तिच्याजवळ बसले.

"बर्फ दाराला लागला. मग खिडकीही बर्फाखाली गेली. पोरगा तापलेला. डॉक्टर कालव्यापलीकडे होता, नीट हवेत चालत गेलं तर फार नाही. मी दार ढकललं, ते हलेना. मग खालून उकरायला घेतलं. उकरलेलं आत यायचं, वितळायचं. बाहेरून पुन्हा भरायचं."

"आणि सावू?"

"बघत होता माझ्याकडे. त्याला वाटलं खेळ आहे. म्हणून मग मी गाणं म्हणत होते."

सिदा, तुला सगळं सांगायला हवं. लोकांनी बाहेरून खणून काढलं तेव्हा तो गेलेला होता. बाबा सरकारी शेतावर कामाला नेलेले, ते बर्फ हटल्यावर आले. तिनं त्यांना सांगितलं, डॉक्टर आला होता, त्यानं सुई दिली, उपाय चालला नाही.

"का?" मी म्हटलं. "बाबांना का नाही सांगितलंस?"

"दार त्यानं लावलं होतं ना," ती म्हणाली. आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू एवढं साधं मला कळू नये याचं तिला नवल वाटलं. "त्याला कळलं असतं तर तो उरला असता का?"

म्हणजे बाबा असेपर्यंत सदतीस-अडतीस वर्षं, आणि नंतरही, तिनं ते एकटीनं धरून ठेवलं. दारं उघडी ठेवायची, बाबा तिला वेडी म्हणायचे, तू तोंड फिरवायचीस, मी नकला करायचे. आठवतं ना, मी तिची नक्कल करायचे आणि बाबा सगळ्यात मोठ्यानं हसायचे. ती ते ऐकून घ्यायची आणि पुन्हा जाऊन दार उघडायची. तू कडी घातलीस त्या दिवशी बाबा घरात नव्हते, म्हणून तिला दार काढता आलं.

उठताना तिनं माझा हात धरला, आणि म्हणाली, "ओती, हे तुला सांगितलं. आगाताला नाही."

मी हो म्हटलं.

ओतिलिया


लुगोज, ७ एप्रिल

सिदा,

पत्र पोहोचलं का? काहीच कळवलं नाहीस.

नाटक रंगमंचावर आलं. फार चांगलं चाललंय. लुगोजमध्ये इतकी गर्दी मी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. तिमिश्वाराच्या वर्तमानपत्रात अर्धं पान आलं, माझ्या फोटोसकट. फोटोत मी पंचाहत्तरीची दिसते. तिमिश्वाराला दोन प्रयोग लागलेत, पुढं बुखारेस्टचंही बोलणं चालू आहे. दोरू आता नुसता येऊन उभा राहिला तरी लोकांना त्याचा माणूस कळतो. त्यानं कुत्रं उजव्या पायाला चावल्याचं नक्की केलं आणि पूर्ण नाटकभर तो त्या पायावर भार देत नाही. कुणाच्या लक्षात येत नाही, पण त्या माणसाबद्दल कीव वाटते. इलिंकाला घसा धरलाय. इथं अजून गारठा आहे.

आई घरीच होती पहिल्या प्रयोगाला. मी तिला म्हटलं, पायऱ्या आहेत, गर्दी आहे, नको येऊस. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही.

हे पान मी इथं संपवणार होते.

तिबेरिउ रंगीत तालमीच्या दिवशी संध्याकाळीच माझ्याकडे आला होता. बसलाही नाही. म्हणाला, "तुमच्या आईनं जे केलं ते मला पाहिजे."

"ते तिचं आहे."

"ओतिलियाबाई, मी दोन महिने तुम्हाला विचारतोय, ही बाई कुठून आली. ती आपल्या पायांनी चालत वर आली आणि तिनं दाखवलं. आता तुम्ही तीनदा ठोकून खाली बसणार? तुम्हाला स्वतःला चालेल ते?"

मी म्हटलं, मी शब्द दिलाय. तो म्हणाला, "शब्द सांगू नका कुणाला. काय घडलं, का घडलं, काही बोलायचं नाही. फक्त हात."

त्यानं मला बळजबरी केली असं लिहिलं तर ते खोटं होईल. तो गेला. नंतरचे पाच-सहा दिवस मी तालमीत तीनदा ठोकून खाली बसत राहिले. पहिल्या प्रयोगाला दुसरा अंक आला, इलिंकानं कडी घातली, आणि मी गुडघे टेकले. माझी बोटं फटीत गेली. मी उकरलं, गुणगुणले आणि रडले. रडू आपोआप आलं. समोर इतकी शांतता होती की वरच्या दिव्यांची घरघर ऐकू येत होती. पडदा पडल्यावर माणसं जागची उठेनात. कुणीतरी हुंदके देत होतं.

एवढ्या वर्षांत मला असं कधी जमलं नव्हतं. हेही खरं आहे, आणि ते तुझ्याखेरीज कुणाला सांगायचं?

मी कुणाला काही सांगितलं नाही. पण रंगीत तालमीला तीस-चाळीस माणसं होती, आणि त्यांनी आईला तेच करताना पाहिलं होतं.

ओतिलिया


लुगोज, २८ एप्रिल

सिदा,

ईस्टरनंतर तुझं पत्र आलं. पत्र म्हणजे एक परिच्छेद. मी तो इतक्या वेळा वाचलाय की पाठ झालाय, तरी उतरवून काढते, म्हणजे मी ते टाळलं असं तुला वाटायला नको.

"तिला अशी कशानं केली ते कळलं. वाईट वाटलं. त्या रात्री मी जेवले नाही. पण मला अशी तिनं केली. माझ्या घराला तीन कुलपं आहेत. हेल्मुट किल्ली विसरून बाहेर उभा राहिला तर मला त्याच्यासाठी दार उघडायला वेळ लागतो आणि तो काही बोलत नाही. मूल नको म्हणाले, कारण मूल दार न वाजवता आत येतं. याचं नाटक कोण बसवणार? आणि तू तिचं मला सांगितलंस, लगेच साऱ्या गावालाही दाखवलंस. आपल्या तिघींत सगळ्यात मोठं दार तूच काढलंस."

 यावर उत्तर देऊ लागले तर मी संवाद म्हणेन, आणि तुला ते लगेच कळेल.

इथलं सांगते. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यापासून शेजारणी आईकडे येऊ लागल्या. कुणी अंडी, कुणी गोड पाव. डोरिनाबाई, जिनं कुंपणावरून आईशी दहा वर्षं अबोला धरला होता, ती आली आणि आईच्या गळ्यात पडून रडली. चर्चमध्ये बायकांनी तिला पुढची जागा दिली. भाजीवाल्या तिला चांगली भाजी काढून देतात नि "बिचारी" म्हणतात. बारागानला गेलेली माणसं या गावात कमी नाहीत. सगळ्यांनी दोनात दोन मिळवून अर्थ लावला.

तुला वाटेल, बरं झालं, उशिरानं का होईना माणसांना कळलं. मलाही तसं वाटलं होतं, किंवा मी तसं वाटून घेतलं होतं.

ईस्टरच्या सोमवारी मी तिच्याकडे गेले. टेबलावर पाचसहा पाव, एकही कापलेला नाही. ती खिडकीशी बसली होती, अंगात रात्रीचा झगा, दुपार असून.

"चर्चला नाही गेलीस?"

"नाही."

"बरं नाही का?"

"बरी आहे." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला कडक म्हणायचे ना सगळे. कडक बाई, खडूस बाई. रस्त्यानं निघाले की पोरं चेंडू उचलून घ्यायची."

"हो."

"बरं होतं ते," ती म्हणाली. "ताठ चालता यायचं."

मी तिच्या पायांशी बसले. माफी मागितली. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण तसा, जसा परक्याच्या पोराच्या डोक्यावर ठेवतात. म्हणाली, "तुझं काम आहे ते. तू काय करणार." आणि हे ती टोचून म्हणाली नाही. टोचून बोलली असती तर मी सुटले असते.

त्यानंतर ती बाजारात जात नाही. मी नेऊन देते. दार ठोकलं की उघडते, हातातलं घेते, आभार मानते. आई माझे आभार मानते, सिदा.

तिबेरिउला मी सांगितलं, तो प्रसंग काढ. तो म्हणाला, "आता काढून काय होणार? गावाला कळलंय ते परत थोडंच घेता येतं? मग निदान चांगलं तरी करा." तो निर्दय नाही. त्यानं आईला फुलं पाठवली होती. तिनं ती डोरिनाबाईला देऊन टाकली.

प्रयोग चालू आहेत. मी रोज उकरते, रोज रडते. रडू आता ठरल्या जागी येतं.

ओतिलिया


लुगोज, १९ मे

सिदा,

तू येऊन गेलीस.

मला ते शुक्रवारी कळलं, आईकडून. मी बटाटे घेऊन गेले तर ती अंगणात खुर्ची टाकून बसलेली, नीट कपड्यांत, केस विंचरलेले. समोर मटाराच्या शेंगांच्या सालांचा ढीग. एकटीनं सोलण्याएवढा नव्हता तो.

"सिदा आली होती," ती म्हणाली. पाऊस येऊन गेला म्हणावं तसं.

मला आधी खरंच वाटेना. मग मी खालीच बसले. "कधी? कुठं उतरली?"

"हॉटेलात. काल सकाळी आली. संध्याकाळी पुन्हा आली. आज पहाटेच्या गाडीनं गेली."

"काय म्हणाली?"

"नवऱ्याला साखरेचा त्रास आहे. गोड खायला मिळत नाही म्हणून कुरकुरतो. मटार सोलले. ती अजून अंगठ्यानं सोलते, चुकीचं. नख दुखतं त्यानं."

"आणि? सावूचं? दाराचं?"

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी जेवणाच्या ताटावर काहीतरी अभद्र बोलले. "नाही. ते कशाला? दोघींना माहीत आहे ना."

मग म्हणाली, "बुधवारी रात्री तुझं नाटक बघितलं म्हणे तिनं. वर बाल्कनीत बसून."

बुधवारी. मला त्या दिवशी बाल्कनीत कोण कोण होतं ते आठवत बसायचं वेड लागलंय आता. वर काळोख असतो, काही दिसत नाही.

"काय म्हणाली नाटकाबद्दल?"

"चांगलं करतेस म्हणाली. फार रडतेस म्हणाली." आईनं मांडीवरची सालं झटकली. "मी तिला म्हटलं, मी नव्हते रडले. रडायला वेळ कुठं होता?"

त्यानंतर तिनं मला आत येऊन जेवायला सांगितलं. ईस्टरनंतर पहिल्यांदा. मक्याचा घाटा आणि मटार. आम्ही दोघी जेवलो. तुझी ताटली धुऊन पालथी ठेवलेली होती.

काल हंगामातला शेवटचा प्रयोग होता. मी रडले नाही. दारापुढं बसले, उकरलं, डाव्या हातानं मागं सारलं, गुणगुणले, पुन्हा उकरलं. डोळे कोरडे. काम करणाऱ्या बाईसारखी. लोक चुळबुळले. कुणी खोकलं. पडदा पडल्यावर टाळ्या झाल्या, पण सभ्यपणाच्या. विंगेत तिबेरिउ म्हणाला, "आज काय झालं तुम्हाला? थंड होतात तुम्ही." मी म्हटलं, हो. इलिंका मात्र दाराआडून बाहेर येईना. तिला हाताला धरून आणावं लागलं. ती म्हणाली, "ताई, आज मला आतून दार उघडावंसं वाटत होतं. नाटकात नाही म्हणून नाही उघडलं."

एवढं सगळं मी तुला कौतुकानं कळवतेय असं समजू नकोस. मला राग आलाय, सिदा. वीस वर्षं मी इथं आहे. बाबांचं शेवटचं आजारपण मी काढलं. आईचे बटाटे, औषधं, तिचा अबोला, सगळं माझ्याकडे. तू दोन वेळा येतेस, मटार सोलतेस, आणि ती तुझ्याशी बसून साखरेच्या त्रासावर बोलते. माझं घर हॉटेलच्या मागच्याच गल्लीत आहे. तू खिडकीतून माझा गच्चीवरचा दोरीवरचा टॉवेल बघितला असशील.

मग वाटतं, मी तिथं बसले असते तर तुम्हा दोघींना असं बसता आलं नसतं. मी विचारलं असतं. चेहरा कसा होता ते बघत राहिले असते. तू सोलताना अंगठा कसा वापरतेस तेसुद्धा मी उचललं असतं. आईनं सांगितलं तेव्हा मी उचललंच, खरं सांगायचं तर. हे असं मला कुणी केलं, कधी केलं, याचा मी काल घरी येताना वाटभर विचार करत होते. फ्लोआरेबाईंच्या घरात खिडकीशी बसून मी बर्फात आपलं घर शोधत होते आणि ते दिसत नव्हतं, एवढंच आठवलं. ते पुरेसं आहे का, मला माहीत नाही. कदाचित तेही मी छान सांगितलं.

आईशी तू काय बोललीस ते मी आता विचारणार नाही. मला एकच सांग, आणि कार्डावर नको, फोनवर सांगितलंस तरी चालेल. बाल्कनीतून तुला तिथं खाली कोण दिसत होतं? आई, की मी?

ओतिलिया